बाहेर उघडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, आणि माझ्या जोरावर एक बाई निवडणूक जिंकणार होत्या. असं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत. पण मित्रांनो, दरवाजाचं सगळं आयुष्य येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघण्यात जातं. कोण भेटायला आलंय आणि कोण काही न्यायला आलंय, हे आम्हाला पावलांवरून कळतं. या बाई कायदे करणाऱ्या सभागृहाच्या सभासद होत्या. मागची निवडणूक त्यांनी जेमतेम जिंकली होती. पुढच्या खेपेला मिरवायला एक कायदा हवा होता आणि त्याच्याबरोबर छापायला एक फोटो. कायद्याचा मसुदा तयार होता. समोरचा माणूस बिथरला असेल, तर शस्त्राला हात घालण्याआधी त्याला बोलून शांत कसं करायचं, हे प्रत्येक पोलिसाला शिकवायचं आणि त्यासाठी सरकारने पैसा द्यायचा. फोटो तेवढा नव्हता. तो मी होतो. मधोमध फुटलेली फळी, लोंबकळणारी बिजागरी. इतका बोलका फोटो मागून मिळत नाही.

बाईंचा कळवळा खोटा होता असं मी म्हणणार नाही. कळवळा आणि लोभ एकाच माणसात गुण्यागोविंदाने राहतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. पण मी असा फुटलो कसा, ते आधी सांगायला हवं.

एका सुताराने मला घडवलं, तेही स्वतःच्या घरासाठी. म्हणजे मजुरी शून्य आणि चिकित्सा दुप्पट. घर जिन्याला लागून, वरच्या मजल्यावर, आणि इतकं अरुंद की दरवाजा आत उघडला असता तर सुताराच्या कामाच्या मेजावर आपटला असता. मेज हलवायचं की दरवाजा फिरवायचा? सुताराने दरवाजा फिरवला. बाकीच्या घरांचे दरवाजे आत उघडतात, मी बाहेर उघडू लागलो.

यावरून कमी बोलणी बसली नाहीत. समोरच्या घरातले काका माझा कोपरा कपाळाला लागल्यापासून जिन्यात यायचे ते एक हात पुढे धरूनच. "अहो मिस्त्री, दरवाजा बसवलात की सापळा?" असं ते विचारायचे. सुतार म्हणायचा, "काका, तुम्ही दुसऱ्याच्या घराला चिकटून चालायचं सोडा, तो आपोआप सुधारेल."

नवा माणूस आला की मला हमखास ढकलायचा. मग आतून जो असेल तो ओरडायचा, "ओढा!" त्या घरात 'या, बसा' असं कुणी म्हणतच नसे. 'ओढा' हेच तिथलं स्वागत. सुतार ओरडायचा, त्याची बायको ओरडायची, आणि बोलायला लागल्यापासून त्यांचा मुलगाही ओरडायचा. पाहुणा ओशाळून हसत आत यायचा आणि माझ्या पॉलिशचं कौतुक करायचा. माझे सुखाचे दिवस ते.

मुलगा वयात आला आणि त्याच्या डोक्यात कुणीतरी बोलू लागलं. बाकीच्यांना ते ऐकू येत नसे. औषधं चालू होती. बरेच दिवस चांगले जात. मधूनच एखादा वाईट दिवस येई, आणि त्या दिवशी तो मला कडी लावून आत बसे. सुतार तोवर वारला होता. मग आई बाहेर, जिन्यातल्या फरशीवर, मला पाठ टेकून बसायची. कडी काढ, असं ती एकदाही म्हणत नसे. ती इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. "आज एकाने कोट आणलाय, खिशात अर्धा वाळलेला पाव. मी त्याच्यासकट इस्त्री केली," असलं काहीबाही सांगत बसायची. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "मग गिऱ्हाईक काय म्हणालं?" त्यानंतर कडी निघायला फार वेळ लागत नसे.

तो दिवस तसाच एक होता, फक्त आई कामावर होती. मुलगा बापाची पटाशी हातात घेऊन खोलीत येरझारा घालत होता. पटाशी म्हणजे लाकूड तासायचं धारेचं हत्यार. तिची मूठ बापाच्या हाताने गुळगुळीत झाली होती आणि ती धरली की त्याला बरं वाटायचं. काकांनी खिडकीतून पाहिलं, घाबरले, आणि पोलिसांना फोन केला. "पोरगा चांगला आहे हो, जरा कुणीतरी येऊन बघा," असंच ते बोलले. मी स्वतः ऐकलं आहे.

दोघे आले. एक मुरलेला, एक तरुण. मुरलेला ओरडला, "दार उघड!" तरुण ओरडला, "हात वर कर!" आता हात वर करून दार कसं उघडायचं, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. त्यांनी मला ढकललं. मी हललो नाही. कसा हलणार? माझ्या बिजागऱ्या त्यांच्या नाकासमोर होत्या, पण बघायला थोडा थंडपणा लागतो आणि तो त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. नेम धरायला त्यांना महिनोन्महिने शिकवलं होतं. बोलायला शिकवलं अर्धी दुपार, तीही जेवणानंतरची.

मित्रांनो, त्या दिवशी कडी लावलेली नव्हती. एका बोटाने ओढलं असतं तरी मी उघडलो असतो. आणि आतून तो मुलगा, डोक्यात एवढा गलबला चालू असताना, घरी आलेल्या माणसाला जे सांगायचं असतं तेच सांगत होता, "ओढा! ओढा!"

बाहेर दोघेही ओरडत होते. त्यांना वाटलं, आतून कुणीतरी रेटून धरलंय. मुरलेल्याने लाथ घातली, माझी फळी फुटली. भगदाडातून तरुणाला पटाशी दिसली. त्याने गोळी झाडली.

यापुढचं मी सांगत नाही. मी लाकूड आहे, पण मलाही काही गोष्टी सांगवत नाहीत.

चौकशी झाली. दरवाजा आतून रेटून धरला होता, असं ठरलं. मला उतरवून जिन्याखाली टाकलं आणि माझ्या जागी एक स्वस्तातला, आत उघडणारा दरवाजा आला. माझ्यावर धूळ बसली, कुणीतरी माझ्या आडोशाला झाडू ठेवला. आई रोज माझ्यासमोरून कामाला जायची आणि वर बघायचं टाळत परत चढायची. तिने नुकसानभरपाईचा दावा केला होता. ते पैसे मिळाले की तिला दुसरीकडे घर घ्यायचं होतं. "खोली कसलीही चालेल," ती काकांना म्हणाली होती, "फक्त हा जिना नको." काकांनी मान डोलावली होती. त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाच फोन केला नव्हता, डॉक्टरलासुद्धा.

अशात त्या सभासद बाई आल्या आणि मला मागून घेऊन गेल्या.

समितीच्या दालनात मला चौकटीत उभं केलं, वर पांढरं कापड टाकलं. फोटोवाले जमल्यावर बाईंनी ते झटक्यात ओढलं. छान भाषण केलं. आई मागच्या बाकावर बसली होती. तिच्यापासून दूर, भिंतीला टेकून, तो तरुण पोलीस उभा होता. त्यालाही जबाबासाठी बोलावलं होतं. फोटो झाले, फोटोवाले गेले. मग प्रत्येक सभासदाने हे शिक्षण अत्यंत आवश्यक असल्याचं सांगितलं. इतकं एकमत झालं की मला भीतीच वाटली. ती खरी ठरली. समितीत एक म्हातारे सभासद होते. दुसऱ्यांच्या खर्चाला कात्री लावण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. ते म्हणाले, "कायदा उत्तम आहे. खर्चाच्या कलमात दोनच शब्द घालू. निधीच्या उपलब्धतेनुसार."

आईने शेजारच्या कारकुनाला विचारलं, "म्हणजे काय हो?"

कारकून भला होता. तो म्हणाला, "म्हणजे शिकवणार. पैसे उरले तर."

"आणि उरतात?"

कारकुनाने पेनाचं टोपण लावलं.

चहाची सुट्टी झाली. कात्री कप घेऊन माझ्यापाशी आले. त्यांना वस्तू हात लावून बघायची खोड. त्यांनी मला ढकललं. मी हललो नाही. कप खाली ठेवून पुन्हा ढकललं. मग खांदा लावला. चेहरा लाल झाला. "कुणी खिळे ठोकलेत का याला?" ते खेकसले.

मागच्या बाकावरून आई सवयीने बोलून गेली, "ओढा."

त्यांनी ओढलं. मी उघडलो.

कात्रींनी मला मिटून पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, हे त्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"आमच्याकडे कुणीही आलं की तेच सांगतो आम्ही."

भिंतीपाशी उभा असलेला तरुण पोलीस म्हणाला, "आतून आवाज येत होता, साहेब. काय म्हणतोय ते कळलं नाही. आम्ही दोघेही ओरडत होतो." आणि पुढे म्हणाला, "मी अजून कामावर आहे. परवाच एका दारावर गेलो होतो. अजूनही ओरडलोच. दुसरं काही येत नाही मला."

आईने त्याच्याकडे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सुट्टी संपली. कात्रींनी ते दोन शब्द काढायला सांगितले. बाईंचा चेहरा खुलला. पण हयातभराची सवय अशी सुटत नाही. ते म्हणाले, "नवा पैसा देता येणार नाही. कुठून तरी कापावा लागेल. भरपाईच्या खात्यात रक्कम पडून आहे ना? दावे लांबलेत, तोवर ती इकडे वळवा."

सचिव चाचरत म्हणाले, "साहेब, त्यात या मावशींचाही दावा आहे."

बाई कागदात बघू लागल्या. कात्री वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "मावशी, तुमच्या संमतीची कायद्याने गरज नाही. तरी विचारतो. पैसे इकडे वळवले तर तुमचे कधी मिळतील, सांगता यायचं नाही. बहुधा नाहीच मिळणार."

"आणि नाही वळवले तर?"

"मग ते दोन शब्द परत येतील."

आई माझ्याकडे बघत होती. मला ठाऊक आहे, तिच्या डोळ्यांसमोर तो जिना होता. म्हणाली, "मी बाहेर बसून कोटाच्या गोष्टी सांगायचे, तर तो उघडायचा. त्या दिवशी मी नव्हते. दर दाराशी कुणाची ना कुणाची आई बसलेली असेलच असं नाही. घ्या ते पैसे." मग आवाजाला जरा धार आणून म्हणाली, "पण शिकवायला हाच दरवाजा घ्या. नवा आणू नका. नवे सगळे आत उघडतात."

आता मी एका मोठ्या हॉलमध्ये उभा आहे. माझी फळी मुद्दाम सांधलेली नाही. पलीकडे एक नट बिथरलेल्या माणसाचं सोंग घेतो. अलीकडे पोलीस येतात आणि पहिल्या दिवशी सगळे मला ढकलतात. मग शिकतात. पहिल्या तुकडीत तो तरुण पोलीस होता. माझ्यापुढे आल्यावर त्याचा हातच उठेना. शिकवणाऱ्या बाईंनी घाई केली नाही. शेवटी तो खाली फरशीवर बसला, मला पाठ टेकली आणि म्हणाला, "मी बाहेरच आहे. आत येत नाही. तू जेवलास का?"

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना वेळेवर तेल घाला, एवढंच मागून मला थांबता आलं असतं. पण मागणं दुसरं आहे. बंद दारापुढे उभे राहाल तेव्हा एकानेच बोला, हळू बोला, आणि आतलं उत्तर येईपर्यंत गप्प राहा. दार न उघडण्याची पुष्कळ कारणं असतात, आणि त्यातली बहुतेक साधी असतात.

राहिला हिशेब. बाई निवडून आल्या, चांगल्या भरघोस मतांनी. नवा पैसा न लागता कायदा झाला म्हणून कात्रींची सभागृहात वाहवा झाली. पोलीस शिकताहेत, आणि कुठल्या तरी घरात कुणाचा तरी मुलगा जिवंत आहे, त्याला हे माहीतही नाही. आई अजून तोच जिना चढते. या सगळ्याचं मोल एका घराने भरलं, आणि ते दोनदा भरलं.