पहिल्या गियरचा आवाज

मी एक जुनी जीप आहे. रुपरावांच्या धाकट्या बहिणीचे, गोपिकेचे, लग्न झाले त्या साली, म्हणजे १९६६ मध्ये, मी काटोलजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बगिच्यात आले. त्याआधी मी लष्करात होते. तिथे माझे हाल झाले नाहीत आणि लाडही झाले नाहीत. रुपरावांनी मला लिलावात घेतले आणि त्यासाठी घरची बैलजोडी विकली. त्यांचे वडील नानाजी बरेच दिवस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"आंबिया बहाराची संत्री तोडाले येईपर्यंत शिकून घे," ते रुपरावांना म्हणाले. "नाही जमलं तर हे डबडं विकाचं अन् जोडी परत आणाची."

मित्रांनो, रुपराव हे बैलांचे माणूस. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात. माझा खांदा कोणता ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही मडगार्डांना ती चोळली. पुढे आठवडाभर त्यावर रस्त्याची धूळ बसत राहिली.

गावातला लहानू नावाचा ट्रक ड्रायव्हर त्यांना शिकवायला येई. क्लच दाबायचा, गियर टाकायचा, पाय हळू सोडायचा, हे त्यांना लवकर जमले. अडचण दुसरीच होती. पहिल्या गियरमध्ये माझी चाल हळू असते, पण ओढण्याची ताकद सगळ्यात जास्त असते. आवाजही मोठा होतो. तो आवाज रुपरावांना सहन होत नसे. चढ संपायच्या आतच ते दुसरा गियर टाकत आणि मी धक्के खात बंद पडे.

"भाऊ, दुसरा काहून टाकला गा?" लहानू कपाळाला हात लावी.

"किती बोंबलून राहिली ते! मुक्या जनावराले असं छळाचं नसते."

"मुकं आहे तर मंग बोंबलून कसं राहिलं?"

रुपराव हसत, पण पुढच्या चढाला पुन्हा तेच करत.

तोडणी आली. माझ्यामागे जोडलेल्या ट्रॉलीत संत्री भरून आम्ही नागपूरला निघालो. नानाजी शेजारी बसले होते. रेल्वेच्या पुलाचा चढ अर्धा झाला आणि रुपरावांचा हात सवयीने दुसऱ्या गियरकडे गेला. मी बंद पडले. भरलेल्या ट्रॉलीने मला मागे ओढले. मागचा ठेलेवाला उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. त्याच्या ठेल्याला ट्रॉली टेकली आणि संत्री रस्ताभर घरंगळली.

"ओ पाटील, समोर बैल जुपा!" तो ओरडला. लोक हसले. नानाजी हसले नाहीत.

घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "उद्याची खेप पाहतो. मंग जोडीवाल्याले निरोप धाडतो."

संध्याकाळी रुपराव दुसऱ्या दिवसाचे संत्र्यांनी भरलेले डाले ट्रॉलीत चढवत होते. त्यांची बायको पंचफुला शेजारी उभी होती. नानाजी खाटेवर होते.

"तुमी डाला उचलता तवा 'हुं' करता," पंचफुला म्हणाली. "कोणी मारून राहिलं का तुमाले?"

"वजन उचलाले दम लावा लागते, म्हणून करतो. मारते कोण?"

"मंग त्या गाडीलेबी लावू द्या ना दम. गळा धरता तिचा, अन् म्हणता दया करतो."

रुपरावांनी हातातला डाला ट्रॉलीत चढवला. नानाजींनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर पुढची रिक्षा थांबली आणि आम्हालाही थांबावे लागले. सुरुवात पुन्हा उभ्या चढावरून करायची होती. रुपरावांनी क्लच दाबला. त्यांनी पहिला गियर टाकला. मी ओरडू लागले. थोडे वर गेल्यावर त्यांचा हात गियरच्या दांड्याकडे सरकला. तेवढ्यात नानाजींनी तो हात वरून दाबून धरला.

"राहू दे. वरडू दे तिले."

मी ओरडतच पूल चढले. जोडीवाल्याला निरोप गेला नाही.

नंतरची वर्षे कामाची गेली. मी संत्री वाहिली, नवऱ्या वाहिल्या, आजारी माणसे दवाखान्यात पोचवली. गावातले पुष्कळ जण माझ्यावर गाडी शिकले. रुपराव प्रत्येकाला सांगत, "वरडली तर भिऊ नका. थरथरली तर गेर खाली आणा." पुढे घरात ट्रक आला आणि मला रिकाम्या गोठ्यात लावले. टायर बसले, बॅटरी उतरली, कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

एक मागणे मात्र आहे, मित्रांनो. घरातले यंत्र कामाचे राहिले नाही तरी त्याला अधूनमधून चालू करत जा. ओझ्याने यंत्र सहसा मरत नाही, पडून राहिल्याने मरते. आणि ज्याच्याकडून काम घेता त्याच्यावर दया करायची असेल, तर आधी त्याला कशाने त्रास होतो ते विचारा.

नानाजी १९७१ च्या उन्हाळ्यात वारले. रुपराव १९८४ च्या डिसेंबरात, तोडणी चालू असताना, वारले. पंचफुला अजून आहे.