गडग्याचे दगड

देवाच्या रायीतली सुकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, आत गेलं ते देवाचं. लग्न होऊन आली तेव्हाच सासूने जान्हवीला हे बजावलं होतं. त्याचा उपयोग कधी होईल, हे तेव्हा तिला काय ठाऊक.

यंदा शिमग्याआधी गावाने श्रमदानाने रायीतून पायवाट करायला घेतली. पक्षी बघायला लोक येतील, असं शाळेतल्या विनीत सरांचं म्हणणं. रविवारी माणसं कोयते, पिकावं घेऊन जमायची. पुढे जान्हवी, कडेवर पोर, हातात लाल फिती. रायीतला चढ-उतार तिला पाठ, म्हणून ती फीत बांधील तिथून वाट.

दाजींचं घर रायीच्या पायथ्याशी. वाट आपल्याच अंगणात उतरावी, मुलाने सरबताचं दुकान थाटावं, हा त्यांचा ध्यास. दुकानाचा पत्रासुद्धा आणून ठेवलेला. जान्हवीला हाक मारून शहाळं देत, "चेडवाक दी गो" म्हणत. ती ते लेकीला पाजी आणि दाजींच्या गडग्याकडे बघत राही.

छातीएवढा तो दगडी गडगा घालून दाजींनी तिच्या वाडीची रस्त्याकडची वाट बंद केली होती. पाच पावसाळ्यांपूर्वी तिला कळा आल्या, तेव्हा नवऱ्याने, चंदनने, खुर्चीत बसवून तिला इथवर आणलं. पलीकडे रिक्षा उभी. मधले दगड पाडू द्या म्हणून तो भर पावसात हात जोडत राहिला. दाजी ओटीवरून उठलेही नाहीत.

"ओहोळाची वाट आसा ना? थंयसून न्या."

ओहोळाच्या काठावर मुलगा झाला. रडला नाही. त्याचं डोकं तिच्या तळहातात मावलं होतं. तळहात जरा वाकवला की अजून मावतं.

फीत कधी बांधतेस, असं दाजींनी शेवटी विचारलंच. ती एवढंच म्हणाली, की उतरायचं तर गडगा आडवा येतो, आणि वर पायऱ्यांना दगड कमी पडतायत. पुढचं दाजींनी स्वतःच जुळवलं. बापलेकांनी घाम गाळून गडगा उतरवला, दगड रायीत पोचवले. मानाच्या गावकराने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं : दाजीन आपखुशीन दगड दिल्यान, वाट सगळ्यांका मोकळी केल्यान. "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने दाजीच म्हणाले.

शेवटची पायरी बसली, तेव्हा जान्हवीने विनीत सरांना दाजींच्या बाजूच्या उतारावरचं जुनं झाड दाखवलं. ढोलीचं तोंड लिंपलेलं, मधे बारीक फट, आणि बाहेरून ककणेराचा, म्हणजे धनेशाचा, नर आतल्या मादीला फळ भरवत होता. ही जोडी दरवर्षी इथेच घर करते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"हयसून वाट नको, सर. आत बाळंतीण आसा."

सरांनी मान डोलावली. फिती ओहोळाकडे वळल्या.

दाजी तरातरा आले. मग माझे दगड परत द्या, म्हणू लागले. रायीतले? कुणीतरी हसलं. देवापुढे मोकळी म्हटलेली वाट पुन्हा अडवायची छातीही त्यांच्यात नव्हती. गिऱ्हाईक माझ्या दारात येणार कुठून, एवढंच ते विचारत राहिले.

जान्हवीने फितीची गाठ आवळली.

"ओहोळाची वाट आसा ना, दाजी? थंयसून हाडा."

 दाजींना आठवलं, हे तिने त्यांच्या डोळ्यांत नीट बघून घेतलं.

संध्याकाळी ती मुद्दाम दाजींच्या अंगणातून घरी निघाली. गडगा होता तिथेच लेक फतकल मारून बसली, खडे वेचू लागली. ओटीवर दाजी होते. जान्हवीने लेकीला उचललं नाही. तीही तिच्याजवळ बसली, निवांत.