झाडाखाली थांबू नका

“‘झाडाखाली थांबू नका’, ही काय विज्ञानाची भाषा झाली?” बद्रीनाथ सरांनी सुनिताच्या लेखातल्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘तडित्प्रपातसमयी वृक्षाश्रय वर्ज्य मानावा.’

बीडच्या एका शिक्षणसंस्थेनं शाळांसाठी भौतिकशास्त्राचं मासिक काढलं होतं आणि नुकतीच एम.एस्सी. झालेल्या सुनिताला संपादक नेमलं होतं. हा तिचा पहिलाच अंक. सर संस्थेतले जुने प्राध्यापक, मासिकाचे सल्लागार; संस्थेत त्यांचाच शब्द चालायचा. मुख्य लेख विजेवरचा. तो लिहिण्याआधी ती नेकनूरला वत्सलाबाईंना भेटून आली होती. गेल्या वळवाच्या पावसात त्यांची सून रोहिणी रानातल्या बाभळीखाली थांबली आणि वीज पडून तिथंच गेली.

“सर, हा अंक खेड्यातल्या पोरांच्या हातात जाणार. त्यांना वर्ज्य म्हणजे काय, ते कोण सांगणार?”

“शब्दकोश असतात. तू ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत वाढलीस म्हणून मासिकही कोपीतल्या बोलीत काढायचं नसतं.”

सुनिताची कानशिलं तापली. कॉलेजात घासूनपुसून कमावलेली भाषा तिच्या तोंडून गळून पडली.

“वीज काय शब्दकोश बघून पडती का, सर? मरायलेत ती आमची मानसं हायत. तुमी न्हाई!”

ती उठली आणि तडक छापखान्यात गेली. अजिनाथ यंत्रावर कागद चढवत होता.

“सरांनी बदललेलं पान लावायचं म्हनलेत,” तो चाचरत म्हणाला.

“संपादक म्हणून नाव कुणाचं हाय?”

“तुमचं.”

“मंग माझं पान लाव.”

अंक तिच्या शब्दांत छापला गेला. सरांनी सगळे गठ्ठे गोदामात कोंडले आणि ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून तिला सांगितलं. तिनं आधीच उचललेला एक गठ्ठा तेवढा त्यातून सुटला. तो मांडीवर घेऊन ती नेकनूरच्या एसटीत बसली. रस्ताभर दातओठ खात होती.

वत्सलाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. सुनितानं त्यांना लेख वाचून दाखवला. वीज उंच वस्तूवर पडते, झाडातून शेजारच्या माणसावर झेप घेते. म्हणून ढग गडगडले की झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.

सूप थांबलं.

“इतकंच व्हतं?”

“हो, मावशी.”

“ह्ये तर मलाबी कळलं.” म्हातारीचा आवाज चढला. “मंग आदी कावून न्हाई सांगितलं कुणी? मीच म्हनले तिला, पोरी, भिजू नको, झाडाखाली जा. मीच म्हनले की गं!”

सुनितानं पुढं होऊन त्यांच्या हातातलं सूप काढून खाली ठेवलं.

वत्सलाबाई उठल्या आणि गल्लीत जाऊन ओरडल्या, “ए शिवकन्ये, समद्या जणी इकडं या!”

कुणी शेणानं, कुणी पिठानं भरलेल्या हातांनी बायका जमल्या.

“वाच,” वत्सलाबाई म्हणाल्या. “जोरात वाच.”

सुनिता वाचू लागली. झाडाचं वाक्य आलं तशी वत्सलाबाईंनी मान फिरवली. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.