हिस्केआत्याचे जेवण

फोन वाजला तेव्हा गेर्लोफच्या हातातल्या चिमट्यात एक मेलेला उंदीर होता. दुसरा अजून कोमट पाण्यात होता.

त्याची बायको फेन्ना पोहायला जाताना सांगून गेली होती, "तासाभरानं ते दोन उंदीर पाण्यातनं काढून ठेव. चिमट्यानं काढ. घाबरू नकोस, मेलेले चावत नाहीत."

फोन पोहण्याच्या तलावावरून होता. "तुम्ही लगेच या," एवढेच बोलली तिथली कामावरची मुलगी. पण ज्या आवाजात बोलली, त्यावरून गेर्लोफला कळायचे ते कळले. त्याने दोन्ही उंदीर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातले, डबा परत फ्रीजरमध्ये ठेवला आणि सायकल काढली. तो पोहोचेपर्यंत फेन्नाच्या तोंडावर टॉवेल टाकलेला होता.

त्या रात्री साप उपाशी राहिले, हे त्याला तिसऱ्या दिवशी सुचले.

मागच्या खोलीत काचेच्या पाच पेट्या होत्या. चारांत तांबूस ठिपक्यांचे सडपातळ साप आणि पाचवीत एक जाड, काळी-तपकिरी, भित्री अजगरीण. कोणी जवळ गेले की ती तोंड पोटात खुपसून चेंडू होऊन बसे. फेन्नाने पाचांना नवऱ्याच्या पाच आत्यांची नावे ठेवली होती. "तुझ्या घराण्यासारख्याच आहेत. थंड पडलेल्या, आणि जेवण झालं की हलायचं नाही." अजगरिणीला, खाण्यात फार नखरे म्हणून, थोरल्या हिस्केआत्याचे नाव मिळाले. खरी हिस्केआत्याही कुणाच्या वाढदिवसाला गेली की कॉफीबरोबरचे बिस्कीट नको म्हणायची.

गेर्लोफ जन्मभर कालव्यावर जहाजांना वाट द्यायला पूल उचलायच्या नोकरीत होता. त्याला साप आवडत नव्हते आणि नावडतही नव्हते. शनिवारी संध्याकाळी हिस्केला खायला घालायची वेळ झाली की फेन्ना त्याला बिलियर्ड खेळायला पिटाळायची. "जा तू. तुझ्या बुटांच्या आवाजानं तिची भूक मरते."

चार धाकट्या आत्यांनी त्याला फार त्रास दिला नाही. पेटी उघडून चिमट्याने उंदीर पुढे धरला की झडप घालत. पहिल्यांदा तो चिमटा टाकून पळाला. पुढे त्याला त्यात गोडी वाटू लागली. एवढ्याशा जबड्यातून एवढा उंदीर जातो कसा, हे बघत तो स्टूल घेऊन बसायचा आणि कॉफी निवून जायची.

हिस्के मात्र खाईना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. उंदीर गरम करून पाहिला, लहान पाहिला, मोठा पाहिला. दिवा मात्र त्याने कधी बंद केला नाही. अंधारात त्या पेटीत हात घालायची त्याची छाती नव्हती. जून आला तेव्हा तिच्या पाठीचा कणा वर दिसू लागला होता.

त्याने साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या दाउवेला बोलावले. दाउवे नळजोडणीची कामे करायचा. हातभर गोंदलेले, आवाज मोठा, पण हिस्केला उचलताना त्याची बोटे एकदम हलकी झाली.

"काका, ही जात चार-सहा महिने उपास करते. पण ही आता फार उतरलीय. काकू भरवायच्या कशा?"

"मला काय माहीत?"

"एवढी वर्षं एका घरात राहिलात ना?"

"मी बिलियर्ड खेळत होतो."

दाउवे हसला आणि त्याने हिस्केला अलगद परत पेटीत ठेवले. "पुढच्या शनिवारी येतो. तोवर खाल्लं नाही तर मी घेऊन जातो हिला. नळी घालून भरवावं लागेल, आणि ते तुमचं काम नाही. आणि खरं सांगू का, मग ती माझ्याकडेच राहिलेली बरी."

जाता जाता त्याने फ्रीजर उघडला. "या आइस्क्रीमच्या डब्यात काय?"

"त्या दिवशीचे."

"एकदा विरघळलेले परत गोठवले की बाद, काका. टाकून द्या."

"टाकतो."

तो गेल्यावर गेर्लोफ हिस्केच्या पेटीसमोर बसून राहिला. ती न्यायची वेळ आली तर अडवणार कोण, आणि कशाच्या जोरावर? पेटीच्या वरच्या फळीला तीन पितळी हुक होते. त्यांना काहीच अडकवलेले नव्हते. फेन्ना उगाच भिंतीला खिळाही मारू द्यायची नाही. मग हे तीन हुक कशाला?

दुसऱ्या दिवशी शेजारची रेन्स्के कुंपणापाशी भेटली. दोन्ही घरांची भिंत एकच होती.

"रेन्स्के, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडनं काही ऐकू यायचं का गं?"

"काही? अरे, तुझी हजेरी घेणं चालायचं! मी आमच्या ह्यांना म्हणायचे, बिचारा गेर्लोफ, एक शब्द उलट बोलत नाही."

"मी घरी नसायचो."

रेन्स्केने हातातली कात्री खाली घेतली. "मग कोणाला बोलायची?"

"काय बोलायची?"

"सगळंच. तू बशीत चहा सांडतोस ते. आणि त्या कोटाचं तर किती दिवस! 'एक जुना कोट गेला तर एवढं तोंड पाडून बसलाय, आणि इथं किती कामाला आलाय ते बघ,' असं काहीतरी. मला काही उलगडा झाला नाही."

गेर्लोफला झाला. नोकरीतला त्याचा काळा लोकरी कोट. फेन्नाने तो चर्चने गोळा केलेल्या जुन्या कपड्यांत दिला असे धरून गेर्लोफ आठवडाभर फुगून बसला होता. तिने दिला असेही म्हटले नव्हते आणि नाही असेही नाही. नुसती हसली होती.

पेट्यांखालच्या खणात जुन्या टॉवेलांच्या तळाशी कोट सापडला. कॉलरला स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याच्या तीन कड्या शिवल्या होत्या. फेन्ना धुलाईच्या दुकानात कपडे दुरुस्त करायची, टाका तिचाच होता. त्याने कड्या हुकांना लावल्या. सगळी काच झाकली गेली. जूनमधले ते न संपणारे ऊन खोलीत होते, पण पेटीत अंधार झाला. काच जराशी सरकवली तेव्हा उजवी बाही आत पेटीत लोंबू लागली.

म्हणजे फेन्ना अशी काच सरकवून बाहीत हात घालायची. हिस्केला ना माणूस दिसायचे, ना उजेड.

गुरुवारी त्याने बूट काढले आणि उंदीर गरम केले. बाहीत हात घातला तर मनगटाशी अडकला. फेन्नाने बाहीच्या तोंडाशी इलॅस्टिक घालून ती आपल्या मनगटाएवढी केली होती. कात्री शेजारीच होती. त्याने ती उचलली आणि परत ठेवली. चार बोटे कशीबशी बाहेर काढून त्याने उंदीर पकडलेल्या चिमट्याचे मागचे टोक धरले.

काही झाले नाही. हाताला मुंग्या आल्या. पूल उचलून धरलाय आणि जहाज काही येत नाही, असे दिवस त्याने पुष्कळ काढले होते.

फेन्ना इथे बोलायची. शेवटी तो म्हणाला, "कोट सापडला."

थोड्या वेळाने म्हणाला, "आधी सांगायचंस की."

चिमट्याला एवढा जोराचा हिसका बसला की त्याचा खांदा पेटीवर आपटला. आत काहीतरी घट्ट आवळले जात होते, ते बोटांना कळत होते. त्याने हळूच चिमटा सोडला. हात मात्र बराच वेळ बाहीतच ठेवला.

शनिवारी दाउवे मोठी पिशवी घेऊन आला. हिस्केच्या पोटातला फुगवटा पाहून त्याने पिशवीची घडी घातली.

"काका! काय केलंत?"

"काकू करायच्या तेच."

कॉफी झाली. दाउवेने दूध काढायला फ्रीज उघडला, आणि खाली फ्रीजरमध्येही डोकावला.

"हा डबा अजून इथंच?"

"टाकतो म्हटलं ना."

फ्रीजरमधले ते दोन उंदीर तेवढे टाकायचे राहिले आहेत.