जावेच्या हाती नाडी

पहाटे पावणेपाचला धाकटी जाऊ जिना चढून वर यायची, थोरलीच्या उशाशी स्टूल ओढायची आणि एक शब्द न बोलता तिचं मनगट हातात घ्यायची. पुरतं एक मिनिट. थोरलीचा नवरा त्याआधीच उशी काखेत मारून बाहेरच्या सोफ्यावर पसार झालेला असायचा. मग धाकटी खालच्या सतरंजीवर पाच मिनिटं निपचित पडायची, म्हणजे जिना चढल्याचा दम उतरावा, आणि थोरली वाकून तिचं मनगट धरायची. ज्या दोघींना एकमेकींच्या हातचं पाणी नको होतं, त्या दिवसाची सुरुवात एकमेकींचा हात धरून करत होत्या. याला दैवाची थट्टा म्हणा, नाहीतर मास्तरांची.

मास्तर म्हणजे त्यांच्या ट्रायथलॉनच्या तुकडीचे प्रशिक्षक. पोहणं, सायकल आणि धावणं तिन्ही एका दमात करणारी पंधरा-वीस वेडी माणसं त्यांनी जमवली होती. त्यांचं म्हणणं एकच, मेहनत गाढवही करतं, विश्रांती घ्यायला अक्कल लागते. म्हणून रोज उठल्या उठल्या नाडी मोजायची. नेहमीच्या आकड्यापेक्षा आठ ठोके जास्त पडले, की शरीर अजून कालच्या श्रमातून वर आलेलं नाही असं समजायचं आणि त्या दिवशी सराव बंद. तरणतलावाच्या भिंतीवर सगळ्यांच्या रोजच्या आकड्यांचा तक्ता होता. त्यात तुमच्या रकान्यात लाल गोल पडला की तुम्ही घरी. रडून उपयोग नाही, भांडून तर नाहीच नाही.

आणि नाडी स्वतःची स्वतः मोजायची नाही. शर्यत जवळ आली की माणूस स्वतःच्या नाडीबद्दलही खोटं बोलतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक. मनगटी घड्याळांवरही त्यांचा विश्वास उरला नव्हता, कारण तुकडीतल्या पोस्टमनने एकदा आपलं घड्याळ झोपलेल्या बायकोच्या हातात बांधून आकडा आणला होता. बायको नवऱ्यापेक्षा तंदुरुस्त निघाली आणि मास्तरांनी तिलाच तुकडीत बोलावलं. तेव्हापासून जोड्या ठरल्या. एका छपराखाली राहणाऱ्यांनी एकमेकांची नाडी मोजायची, आकडा तोंडाने सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून मास्तरांना द्यायचा. या दोघी वर-खाली राहणाऱ्या सख्ख्या जावा. मास्तरांना वाटलं, घरच्याच आहेत, बरं झालं. भला माणूस. त्यांचे तिन्ही भाऊ बिनलग्नाचे, त्यांना जावा म्हणजे काय हे कुठून कळणार?

थोरलीचं कपडे उसवून मापात शिवून देण्याचं दुकान होतं आणि तुकडीत तिची अकरा वर्षं झाली होती. धाकटी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. तिला पाण्यात उतरवलं थोरलीनेच. सुरुवातीला धाकटी जाम घाबरायची, तलावातली दोरी सोडायचीच नाही. थोरली एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, की अगबाई, हिचं लग्न माझ्या दिराशी झालंय की या दोरीशी? सगळे खो खो हसले आणि पोरीचं नाव तिथेच पडलं. दोरी. पुढे ती माशासारखी पोहायला लागली तरी नाव काही सुटलं नाही, मास्तरसुद्धा तक्त्यावर तेच लिहीत.

आता मोठ्या शर्यतीला तुकडीतून एकच बाई जाणार होती. दोन आठवड्यांनी चाचणी, तिच्यात जी पहिली ती जाणार. थोरलीला पुढच्या वर्षी पंचेचाळिसावं लागणार होतं आणि वयाच्या अटीमुळे त्या शर्यतीचं दार तिला कायमचं बंद होणार होतं. एक वर्ष सासूबाईंच्या आजारपणात गेलं होतं, एक वर्ष सायकलची साखळी तुटून. ही शेवटची संधी, हे घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारच्या सरावात धाकटी तिच्यापुढे चाळीस सेकंदांनी आली. कपडे बदलायच्या खोलीत, चार बायकांच्या देखत, केस पुसता पुसता धाकटी गोड आवाजात म्हणाली, "ताई, दोरी पुढे गेली बरं का."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी धाकटीचं मनगट धरलं, चोपन्न ठोके मोजले. चोपन्न हाच धाकटीचा नेहमीचा आकडा. थोरलीने चिठ्ठीवर लिहिलं, चौसष्ट.

तक्त्यावर लाल गोल पडला. धाकटी मास्तरांशी वाद घालायला गेली, मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. मास्तरांनी वर न बघता सांगितलं, घरी जा आणि झोप. धाकटीने तक्त्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून गेली. थोरलीला पाण्यात उतरताना इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी तिने सांगितल्यापेक्षा दहा फेऱ्या जास्त मारल्या.

थोरली काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. रोज खोटं लिहिलं असतं तर मास्तरांनी धाकटीला डॉक्टरकडे पाठवलं असतं. ती एक-दोन दिवस खरा आकडा लिहायची, मग एक दिवस वाढवलेला. चौदा दिवसांत धाकटीच्या रकान्यात सहा लाल गोल पडले. पहिल्या दिवसानंतर धाकटीने कधी हुं की चूं केलं नाही. लाल गोल दिसला की निमूट घरी जायची. थोरली दुकानात जायला निघाली, की खालच्या खोलीचे पडदे ओढलेले दिसायचे. जिरली, असं थोरली मनात म्हणायची.

आणि थोरलीचा स्वतःचा आकडा? तो तर बघत राहावा असा. पन्नास. पन्नास. एक्कावन्न. पुन्हा पन्नास. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दुप्पट सराव करून, ढिम्म हलायला तयार नाही. मास्तरांनी एकदा सगळ्यांना तिचा रकाना दाखवला, बघा, याला म्हणतात शरीर. ती संध्याकाळचीही सायकल मारायला लागली. विश्रांतीच्या वारीही धावून यायची. लाल गोल नाही, तर थांबायचं कशाला?

पायांत शिसं भरल्यासारखं वाटायचं, ते वाटू दे. जेवण समोर आलं की नकोसं व्हायचं. दुकानात एका गिऱ्हाइकाची पँट तिने एक पाय दोन इंच आखूड शिवली, आणि तो बिचारा आरशासमोर तिरका उभा राहिला तेव्हा वर त्यालाच सुनावलं, की सरळ उभं राहायला शिका. झोप तीनलाच मोडायची, उशी घामाने ओली असायची. नवऱ्याने एकदा भीत भीत विचारलं, की अगं, तुझं काहीतरी बिनसलंय, दोन दिवस थांबतेस का? ती फाडकन म्हणाली, नाडी पन्नास आहे माझी, तुमची किती आहे? नवरा म्हणाला, नाडीचं राहू दे, आरशात तोंड बघ एकदा. यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

चाचणीच्या दिवशी पोहताना थोरली पुढे होती. सायकलवर निम्म्या वाटेपर्यंत पुढे होती. मग चढ लागला आणि पायांनी तिचं ऐकणं सोडलं. कळ नाही, पेटका नाही, नुसते पाय गेले. मागून धाकटी आली, बाजूने निघून गेली आणि तिने मान वळवूनही पाहिलं नाही. धावायच्या रस्त्यावर तर थोरलीला पोस्टमनच्या बायकोनेही गाठलं. शेवटच्या वळणावर ती पदपथाच्या कडेला बसली. मास्तर धावत आले, पाणी दिलं, आणि राहून राहून एकच म्हणत होते, असं कसं झालं, तुझा तक्ता तर इतका सुरेख होता.

धाकटी पहिली आली. आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा चार मिनिटं आधी. मास्तरांनी तिचं नाव मोठ्या शर्यतीला पाठवलं, तिचं खरं नाव.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला जिना वाजला. थोरलीला वाटलं होतं, आज येणार नाही. धाकटी आली, स्टूल ओढलं, मनगट धरलं. मिनिट संपलं. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने नियम मोडला.

"सदुसष्ट," ती म्हणाली.

थोरली म्हणाली, काल एवढी दमले, वाढणारच.

"परवाही पासष्ट होती, ताई. त्याच्या आधी चौसष्ट. गेले नऊ दिवस साठच्या खाली आलेली नाही."

थोरलीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि ती ताडकन उठून बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली, तिने पलंगाची कड धरली. "आणि तू पन्नास लिहीत होतीस? मेले असते मी त्या चढावर."

"तुम्ही माझी चौसष्ट लिहीत होतात."

आता बोला. चोराला चोर भेटला की ओरडायचं कुणी? मास्तरांकडे जायचं तर आधी स्वतःचंच सांगावं लागणार होतं, आणि अकरा वर्षांचं नाव एका सकाळीत पुसलं गेलं असतं. धाकटी शांतपणे स्टॉपवॉच शून्यावर आणत होती.

"तुम्हाला माझं वाटोळंच करायचं होतं ना, मग मला पळवायचं," ती म्हणाली. "तुम्ही मला झोपायला पाठवलंत. चार वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर झोपले. मला एवढी गरज होती हे मलाही ठाऊक नव्हतं."

धाकटीने स्टूल मागे सरकवलं.

"पहिल्या लाल गोलाच्या दिवशी मी घरी येऊन पडून राहिले आणि स्वतःची नाडी मोजून बघितली. चोपन्न. तेव्हाच मला सगळं कळलं. तुम्ही एकदा तरी मोजून बघितलीत?"

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, सेकंदकाटा असलेलं. दोन बोटं आणि एक मिनिट, एवढंच लागत होतं. चौदा दिवस पाय ओरडत होते, उशी भिजत होती, नवरा हात जोडत होता, आणि तिला एकदाही ती दोन बोटं मनगटावर ठेवावीशी वाटली नव्हती. पन्नास हा आकडा तिला फार आवडला होता. जिच्या तोंडचं एक अक्षर तिने कधी खरं मानलं नाही, तिच्या हातचा तो आकडा मात्र तिने डोळे मिटून घेतला होता. तिला रडू फुटलं असतं, पण धाकटीसमोर रडण्यापेक्षा जीव गेलेला बरा.

धाकटी सतरंजीवर आडवी झाली. पाच मिनिटांनी तिने हात वर केला. मोठी शर्यत होईपर्यंत जोडी तीच राहणार होती. "मोजा," ती म्हणाली, "आणि काय हवं ते लिहा."

थोरलीने मोजले. एकोणपन्नास. धाकटीचा इतका चांगला आकडा तिने आजवर पाहिला नव्हता. ती पेन धरून थोडा वेळ बसली आणि एकोणपन्नास लिहिलं. धाकटीने तिच्या देखत दुसऱ्या चिठ्ठीवर सदुसष्ट लिहिलं, दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या आणि जिना उतरून गेली.

सात वाजता मास्तरांचा फोन आला. थोरलीच्या नवऱ्याने घेतला आणि आत येऊन सांगितलं, की तुझ्या रकान्यात लाल गोल पडलाय, मास्तर म्हणाले दहा दिवस तलावाकडे फिरकायचं नाही, नुसतं झोपायचं. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा खूश दिसत होता. त्याने पडदे ओढले, पांघरूण नीट केलं, दुकान आज बंद राहू दे म्हणाला आणि दार लोटून घेतलं. थोरली डोळे मिटून पडून राहिली. झोप काही आली नाही.