रेनेसाँ हॉलमधली खुर्ची

इथं आखातात, अल गराफातल्या आमच्या मुलाच्या व्हिलात सध्या पंधराव्या शतकातली इटली नांदते. सून सुचित्रानं हॉल ‘रेनेसाँ’ करून घेतलाय. भिंतीवर दहा फुटी टॅपेस्ट्री: विणलेलं जंगल, विणलेले कुत्रे, विणलेलं पळणारं हरीण. खाली कोरीव पेटारा आणि शेजारी उंच पाठीची, हातांची एक भारदस्त खुर्ची. मी नाशकात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. थंडीत दगडी भिंती गारठायच्या म्हणून ते लोक असले पट टांगत. इथं बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि टॅपेस्ट्रीला दमट हवा बाधू नये म्हणून एसी अठरावर. आम्ही म्हातारा-म्हातारी स्वेटर घालून फिरतो. हौसेला मोल नसतं म्हणतात.

खुर्चीवरचं प्लॅस्टिक मात्र काढलेलं नाही. रेनेसाँ आला तरी दुकानातलं प्लॅस्टिक काढायचं नाही, हा आपला बाणा. टॅपेस्ट्रीवरही एरवी जुनी चादर असते, धूळ बसू नये म्हणून.

अडचण काय ती आमच्या ह्यांची. श्यामरावांचं मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं. सोफ्यात रुतले की उठता येत नाही. डॉक्टरांनी उंच, हातांचीच खुर्ची सांगितलीय. तशी घरात ही एकच. “बाबा, ती बसायची नाहीये, पीस आहे,” असं सुचित्रानं पहिल्याच दिवशी बजावलं. गुरू, म्हणजे आमचा गुरुप्रसाद, रास लफानच्या गॅस प्रकल्पात अख्खी शिफ्ट हलवतो; घरात शिरला की त्याची वाचा बसते. तेव्हा महिनाभर हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, पाठ फ्रिजला टेकून.

शुक्रवारी इथल्या मराठी मंडळातल्या बायका हॉल बघायला आल्या. चादर निघाली, प्लॅस्टिकही निघालं. भैरवी नावाची एक चौकस बाई होती. तिनं विचारलं, “एवढ्या मोठ्या हॉलमध्ये खुर्ची एकच कशी गं?”

सुचित्रा अडखळली आणि तिनं मला पुढं केलं. “आईंना विचार. त्या हिस्ट्रीच्या टीचर होत्या.”

आयती संधी कोण सोडतो?

“त्या काळी अशीच असायची,” मी म्हटलं. “बाकीचे बाकांवर, पेटाऱ्यांवर बसायचे. हातांची खुर्ची घरातल्या वडीलधाऱ्याची.”

“हाऊ स्वीट! मग काका कुठंयत? बोलवा ना, फोटो काढू.”

सुचित्राचा चेहरा पडला, पण पाहुण्यांसमोर बोलणार काय? “गुरू, बाबांना आण ना,” ती गोड आवाजात म्हणाली. मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

गुरूच्या खांद्यावर हात टाकून हे आले. खुर्चीपाशी थांबले आणि आधी सुनेकडे पाहिलं.

“बसा ना बाबा.”

बसले, पण अगदी कडेला, तिऱ्हाइताच्या घरी बसावं तसे. फोटो निघाले, बायका हसल्या. माझा आनंद कुठल्या कुठं गेला. स्वेटर नीट करायला मी वाकले, तेव्हा हे हळूच म्हणाले, “अगं, ह्या गेल्या की उठायचं ना? मला पाच मिनिटं आधी सांग. उठायला वेळ लागतो.”

शेजारी उभ्या गुरूनं ते ऐकलं. त्याची मान खाली गेली. अशा वेळी “असू दे रे” म्हणायची माझी जुनी सवय. त्या दिवशी मी म्हटलं नाही.