राष्ट्राध्यक्षाची बहीण

दिनानाथ सरांचे डोळे काचबिंदूने गेले, जीभ मात्र शाबूत राहिली. देवाने उलटं केलं असतं तर सुकापूरच्या त्या दोन खोल्यांत अनुयाला जरा मोकळा श्वास घेता आला असता. पण देवाला कोण शिकवणार?

अनुया त्यांची मुलगी. पंचेचाळिशीची, बिनलग्नाची. एक स्थळ जमलं होतं, तेही सरांनी "मग माझं कोण बघणार?" एवढ्या एका प्रश्नावर मोडलं, आणि तेव्हा तर त्यांना चष्म्याने चांगलं दिसत होतं! पुढे डोळे गेले तशी तिची शाळेतली नोकरीही सुटली. आल्यागेल्याने तिची चौकशी केली की सर म्हणत, "ती ना? असते घरात."

या वर्षी अमेरिकेतून भरतने, म्हणजे सरांच्या लाडक्या लेकाने, दोन जाडजूड चरित्रं पाठवली. दोन्ही एकाच माणसाची, तिथल्या अलीकडच्याच एका राष्ट्राध्यक्षाची. नाव कशाला घ्या, आपलं त्याच्याशी काही वाकडं नाही. एक लिहिणारा त्याचा भक्त, दुसरा त्याच्यावर खार खाऊन असलेला. सरांनी जन्मभर राज्यशास्त्र शिकवलेलं, तेव्हा पनवेलच्या एका वाचनालयाने त्यांना या दोन चरित्रांची तुलना करायला व्याख्यानाला बोलावलं. डोळे गेल्यापासूनचं हे पहिलंच व्यासपीठ. सर हरखून गेले.

दुपारचा चहा झाला की अनुयाने या पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचं, त्या पुस्तकातलं एक. सर मुद्दे सांगत, ते तिने उतरवून घ्यायचे आणि पाठ होईस्तोवर पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचे. उच्चार चुकला की काठी फरशीवर आपटे.

"दाताखाली खडा आल्यासारखं वाचू नकोस! मनिषा काय वाचायची वर्गात! अशी मुलगी पोटी यायला नशीब लागतं."

मनिषा ही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात प्राध्यापक. तिचं कौतुक ऐकत अनुयाचे केस पांढरे झाले होते, तरी दर वेळी नव्याने लागायचं.

अशाच एका दुपारी दुसऱ्या पुस्तकातलं राष्ट्राध्यक्षाच्या घरचं पान चालू होतं. आणि अनुया, काय मनात आलं कोण जाणे, पानावर नव्हतं ते वाचू लागली. राष्ट्राध्यक्षाला एक बहीण होती, ती आजारी बापाजवळ राहिली, तिने लग्न केलं नाही. इंग्रजी वाक्यामागून वाक्य सुचत गेलं. आता काठी आपटणार!

"वाक्यं बरी लिहितो हा गृहस्थ," सर म्हणाले. "वाच पुढे."

तिच्या वाक्याला बापाने बरं म्हटल्याची उभ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. अनुयाला आधी हसू आलं, मग रडू आलं.

मग रोज त्या बहिणीचं एखादं पान होऊ लागलं. ती बापाचं तोंड कसं पुसते, पाहुणे तिच्याकडे न बघता कसे बोलतात, फाटकाशी थांबणारा एकजण कसा थांबायचा बंद झाला. अनुयाला हवं तरी काय होतं? बापाच्या तोंडून एकदा "बिचारी" असा शब्द यावा, बस. पुस्तकातल्या बाईसाठी का होईना. तो आला असता तर तिने पुस्तक मिटून सगळं कबूल केलं असतं आणि पाय धरले असते.

बहिणीचं शेवटचं पान आलं. भाऊ राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतोय आणि ही घरी टीव्हीसमोर बापाला पेज भरवतेय. अनुयाने पुस्तक मिटलं.

"काय वाटलं, बाबा? त्या बहिणीबद्दल?"

सर खो खो हसले. "अगं, असलं एक माणूस घरोघरी असतंच. भिंत असते तसं. भिंतीचं कुणी चरित्र लिहितं का? या लेखकाची अक्कल इथेच उघडी पडली. हाच माझा मुख्य मुद्दा. घे लिहून."

अनुयाने लिहून घेतलं. त्या दिवशी तिच्या मनातून बाप उतरला तो उतरलाच.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. मनिषा पहिल्या रांगेत होती, सरांच्या पाया पडून बसली. सर झकास बोलले, आणि शेवटी बहिणीवर आले. "भक्ताने तिला गाळलं, शहाणपणा केला. वैऱ्याने मात्र पानंच्या पानं नासली. जिने काही केलंच नाही, तिची खोगीरभरती कशाला?" लोक हसले. मनिषा मात्र गोंधळली.

"सर, माफ करा," ती उठून म्हणाली, "मी दोन्ही पुस्तकं वाचलीत. त्यांत ही बहीण मला कुठे आढळली नाही."

"नीट वाचलं नसशील!" सर कडाडले. "अनुया, तो उतारा वाच. ऐकू दे सगळ्यांना."

अनुया उभी राहिली. चूक माझी, मीच घुसडलं, एवढं म्हटलं असतं की बापाची अब्रू वाचली असती. खापर तिच्या डोक्यावर फुटलं असतं, नेहमीसारखं. सर हनुवटी वर करून वाट बघत होते.

"बाबा," ती अगदी मायेने म्हणाली, "पुस्तकात अशी कुणी बाई नाहीये हो." मग मनिषाकडे वळून, "हल्ली त्यांना असे भास होतात. समजून घ्या."

सभागृह हळहळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारे!" जो शब्द ऐकायला अनुयाने जीव टाकला होता तो अखेर आला, बापाच्या वाट्याला. आयोजकांनी घाईघाईने शाल-श्रीफळ उरकलं. मनिषा डोळे पुसत सरांचा हात थोपटत राहिली, लहान मुलाचा थोपटावा तसा.

परतताना रिक्षात सर मनाशी तो उतारा पुन्हा पुन्हा आठवून बघत होते. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेतली नव्हती. सुकापूरच्या वळणाशी त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

"अनुया, तू वाचलं होतंस गं. ती बापाचं तोंड पुसायची. मला आठवतंय. ती होती ना?"

अनुयाला दया आली. खरंच आली, डोळे भरून आले. तिने ओढणीच्या टोकाने त्यांचं तोंड पुसलं.

"कोण, बाबा?" ती म्हणाली, आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, "दादा, जरा हळू घ्या. पेशंट आहे."